लोणार विवरातील खडकांचे चुंबकत्व

लोणार विवर हे महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील अशनिपाताने निर्माण झालेले विवर असून ते दख्खनच्या बेसाल्ट खडकात खोदले गेले आहे. पृथ्वीवरील बहुतेक ज्ञात अशनिपात विवरे वालुकाश्म, चुनखडक, ग्रॅनाइट अशा खडकांत किंवा मिश्र खडकांत आहेत. संपूर्णपणे बेसाल्टमध्ये बनलेली व सुस्थितीत टिकलेली विवरे फारच थोडी आहेत आणि लोणार हे त्यांतील सर्वाधिक अभ्यासलेले विवर आहे. बेसाल्ट हा नैसर्गिकरीत्या चुंबकी खडक असल्यामुळे अशनीच्या आघाताने खडकाच्या चुंबकत्वात काय बदल होतात, हे तपासण्यासाठी लोणारचा उपयोग केला जातो.

लोणारचे खडक चुंबकाला प्रतिसाद देतात, एवढ्यावरून ते अशनीचे तुकडे आहेत असे सिद्ध होत नाही. मुंबई उपनगरातील अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडीचा बेसाल्टही चुंबकाला प्रतिसाद देतो. आघाताचा पुरावा शोधताना चुंबकत्व आहे की नाही यापेक्षा त्याची दिशा, स्थिरता आणि ते खडकात केव्हा आले, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

विवराचे स्वरूप

लोणार विवर मुंबईपासून सरळ रेषेत पूर्वेला सुमारे ४०० किमी अंतरावर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किमी असून काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर आहे. विवराचा काठ भोवतालच्या सपाट प्रदेशापेक्षा सुमारे २० ते ३० मीटर उंच उचललेला आहे. तळाशी खाऱ्या व अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. विवराच्या भिंतींत बेसाल्टचे एकावर एक साचलेले थर उघडे पडलेले दिसतात. मूळचे आडवे असलेले हे थर काठाजवळ बाहेरच्या दिशेने कललेले आहेत, तर काही ठिकाणी ते पूर्णपणे उलटलेले आहेत. काठाबाहेर आघाताने उडालेल्या दगडमातीचे आवरण किलोमीटरभराहून अधिक अंतरापर्यंत पसरलेले आहे.

विवरापासून थोड्या अंतरावर उत्तरेला अंबर तळे किंवा लहान लोणार या नावाने ओळखला जाणारा खोलगट भाग आहे. मुख्य अशनीच्या तुटलेल्या तुकड्याने तो बनला, असे काही अभ्यासकांनी सुचवले होते. परंतु त्याला पुरेसा भूवैज्ञानिक आधार मिळालेला नाही.

उगमाविषयीचा वाद

स्थानिक पुराणकथेनुसार लोणासुर किंवा लवणासुर या दैत्याचा विष्णूने येथे वध केला. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिर या कथेशी जोडलेले आहे. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात या स्थळाचा उल्लेख येतो. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये सरोवराची नोंद केली.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोणार हे ज्वालामुखीय विवर मानले जात असे. भोवतालचा सारा प्रदेश लाव्हाने बनलेला असल्याने हा तर्क स्वाभाविक होता. अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारशी त्याचे साम्य दाखवले. मात्र त्या वेळी त्यांनी ॲरिझोनाच्या विवराचे कारणही बाष्पाचा स्फोट हेच मानले होते. १९६० च्या दशकात लोणारच्या अशनिपाती उगमाची शक्यता पुन्हा मांडली गेली. १९७३ मध्ये के. फ्रेडरिक्सन व सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने हा प्रश्न बहुतांशी निकाली निघाला. विवराच्या तळाखालील तुकड्यांच्या खडकात त्यांना मॅस्केलिनाइट आढळले. फेल्डस्पार खनिजाचे वितळण्याआधीच प्रचंड दाबामुळे काचेसारख्या पदार्थात रूपांतर झाले की मॅस्केलिनाइट बनते. त्यासाठी लागणारा दाब सुमारे २५ ते ३० गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अडीच ते तीन लाख पट असतो. ज्वालामुखीच्या उद्रेकात इतका दाब निर्माण होत नाही.

विवराच्या वयाचे अंदाज दीर्घकाळ बदलत राहिले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तप्तदीप्ती मापनातून सुमारे ५२,००० वर्षे हे वय मिळाले. २०११ मध्ये आघातजन्य काचेच्या आर्गॉन समस्थानिकांवरून ते सुमारे ५.७ लाख वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. विवर ज्या बेसाल्टमध्ये बनले त्याचे वय मात्र सुमारे ६.५ कोटी वर्षे आहे. त्यामुळे लोणारच्या खडकात चुंबकत्व येण्याचे किमान दोन निराळे प्रसंग संभवतात: लाव्हा थंड होण्याचा काळ आणि त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी झालेला आघात.

बेसाल्टमध्ये चुंबकत्व कसे येते

बेसाल्टमध्ये लोह व टायटॅनियम यांची ऑक्साइडे अल्प प्रमाणात असतात. त्यांतील टायटॅनोमॅग्नेटाइट हे चुंबकत्वाच्या दृष्टीने प्रमुख खनिज होय. लाव्हा सुमारे १,१०० ते १,२०० अंश सेल्सियस तापमानाला बाहेर पडतो. त्या तापमानाला या खनिजाचे कण कायमचे चुंबकत्व धारण करू शकत नाहीत. खडक थंड होताना तापमान एका ठरावीक मर्यादेखाली उतरले की कणांतील चुंबकत्व पृथ्वीच्या तत्कालीन चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत स्थिर होते. या मर्यादेला क्यूरी तापमान म्हणतात. शुद्ध मॅग्नेटाइटसाठी ते ५८० अंश सेल्सियस असून टायटॅनियमचे प्रमाण वाढले की ते कमी होते. अशा रीतीने मिळालेल्या चुंबकत्वास औष्णिक अवशिष्ट चुंबकत्व असे नाव आहे.

या मूळ चुंबकत्वावर नंतर इतर थर चढू शकतात. पृथ्वीच्या क्षेत्रात दीर्घकाळ पडून राहिल्याने काही कणांची दिशा हळूहळू बदलते. हे श्यान चुंबकत्व होय. पाणी व हवा यांच्यामुळे नवी खनिजे तयार झाली तर रासायनिक चुंबकत्व येते. वीज पडली तर तिच्या प्रवाहाच्या क्षेत्रामुळे त्या जागेचा खडक अतिशय तीव्र व अनियमित दिशेने चुंबकित होतो. प्रयोगशाळेत या थरांना वेगळे करणे हे पुराचुंबकत्व या शाखेचे मुख्य काम आहे.

दख्खनच्या खडकांतील दिशा

दख्खनच्या बेसाल्टच्या चुंबकत्वाचे मापन १९५० च्या दशकात सुरू झाले. ब्रिटनमधील जे. ए. क्लेग आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ई. आर. डॉइश, सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी या विषयावर काम केले. या खडकांतील चुंबकत्वाचे झुकाव आजच्या क्षेत्राशी जुळत नाहीत. लाव्हा थंड झाला तेव्हा भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे ३० अंश अक्षांशाजवळ होता, असा त्याचा अर्थ लावला जातो. भूखंड सरकतात या कल्पनेला ज्या काळी सर्वमान्यता नव्हती, त्या काळी दख्खनच्या खडकांनी तिला महत्त्वाचा आधार दिला.

दख्खनच्या काही थरांत चुंबकत्व आजच्याप्रमाणे उत्तराभिमुख, तर काहींत नेमके उलट आढळते. लाव्हाचे थर साचण्याच्या काळात पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल झाल्याने हा फरक पडला. लोणारसाठी या ज्ञानाचा उपयोग असा की, आघातापूर्वी खडकाची चुंबकीय दिशा कोणती असायला हवी होती, याचा अंदाज आधीच उपलब्ध असतो. आघाताच्या काळातील क्षेत्राची दिशा दख्खनच्या मूळ दिशेहून स्पष्टपणे वेगळी असल्यामुळे जुने व नवे चुंबकत्व ओळखणे शक्य होते.

मुंबई उपनगरांतील खडकांशी तुलना

आघात न झालेला ज्वालामुखीय खडक कसा असतो, हे पाहण्यासाठी मुंबई उपनगरांतील खडक सोयीचे आहेत. अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट टेकडी ही सुमारे ६१ मीटर उंचीची, उभ्या स्तंभांची बनलेली बेसाल्टची टेकडी आहे. लाव्हा सावकाश थंड होऊन आकसताना तडे पडल्यामुळे हे स्तंभ तयार झाले. भोवतालचा खडक खाणकामाने काढला गेल्यावर टेकडीला सध्याचा सुळक्यासारखा आकार आला. तिच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. २००७ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने तिला द्वितीय श्रेणीच्या वारसा स्थळाचा दर्जा दिला.

मुंबईचे खडक दख्खनच्या मुख्य उद्रेकानंतरच्या टप्प्यातील मानले जातात. अंधेरीजवळील साकीनाका आणि मालाडच्या पश्चिमेकडील मनोरी येथील ट्रॅकाइट खडकांचे आर्गॉन पद्धतीने काढलेले वय सुमारे ६.० ते ६.२ कोटी वर्षे आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी ज्वालामुखीय ब्रेशिया या खडकात कोरलेली आहेत. कोनेदार तुकडे एकत्र जुडून झालेल्या खडकास ब्रेशिया म्हणतात. लोणारच्या तळाखालीही ब्रेशियाच आढळतो, परंतु तो आघाताने झालेला आहे. हाती घेतलेल्या नमुन्यात दोन्ही खडक तुकड्यांचे बनलेले दिसतात. आघाती ब्रेशियात मात्र मॅस्केलिनाइटसारखी उच्च दाबाची लक्षणे असतात, तशी कान्हेरीच्या खडकात नसतात. बाह्य रूपावरून उगम ठरवणे किती फसवे असते, हे या तुलनेवरून लक्षात येते.

आघाताचा चुंबकत्वावर होणारा परिणाम

अशनी जमिनीवर आदळताच खडकातून आघात तरंग पसरतो. केंद्राजवळ दाब सर्वाधिक असतो आणि अंतराबरोबर तो झपाट्याने घटतो. चुंबकत्वावर त्याचे पुढील परिणाम संभवतात:

• आघाताच्या वेळी असलेल्या क्षेत्राच्या दिशेत नवे चुंबकत्व येणे. यास आघातजन्य अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात. ते निर्माण होण्यासाठी खडक तापण्याची आवश्यकता नसते.
• मूळ चुंबकत्व अंशतः पुसले जाणे.
• खनिजकणांत सूक्ष्म भेगा व दोष निर्माण होऊन त्यांची निग्राहिता, म्हणजे चुंबकत्व बदलण्यास होणारा विरोध, वाढणे.
• चुंबकी कणांच्या मांडणीवर परिणाम होऊन खडकाची चुंबकीय ग्रहणशीलता वेगवेगळ्या दिशांत असमान होणे.
• वितळलेला खडक पुन्हा थंड होताना आघातकालीन क्षेत्राच्या दिशेत औष्णिक चुंबकत्व येणे.

याखेरीज तुटलेले दगड उडताना गरगर फिरतात आणि कोणत्याही दिशेने पडतात. त्यांच्यातील मूळ चुंबकत्व टिकून राहिले, तरी एकत्रित पाहता दिशा विस्कळीत होतात. त्यामुळे अनेक अशनिपात विवरांवर चुंबकीय क्षेत्र भोवतालपेक्षा मंद आढळते.

मापनाची पद्धत

अभ्यासासाठी खडकातून सुमारे २.५ सेंटिमीटर व्यासाचे दंडगोल छिद्रण यंत्राने काढले जातात. काढण्यापूर्वी प्रत्येकावर त्याची दिशा व झुकाव यांची खूण केली जाते. बेसाल्टच्या सान्निध्यात होकायंत्राची सुई भरकटू शकते, म्हणून सूर्याच्या स्थानावरून दिशा ठरवणारे सौर होकायंत्रही वापरतात. प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने तापवून किंवा वाढत्या प्रत्यावर्ती क्षेत्रात ठेवून त्याचे चुंबकत्व काढून टाकले जाते. दुर्बल व अलीकडचे थर सहसा आधी निघतात आणि मूळ दिशा शेवटी उरते.

विवराच्या काठावर आणखी एक कसोटी वापरता येते. आघाताने थर कलले, हे ज्ञात आहे. मोजलेल्या दिशा गणिताने थर आडवे करून पाहिल्यावर एकमेकींशी अधिक जुळल्या, तर ते चुंबकत्व थर कलण्यापूर्वीचे असते. थर आहेत त्या स्थितीतच दिशा अधिक जुळत असतील, तर ते कलल्यानंतरचे असते. या कसोटीला वलन कसोटी म्हणतात.

लोणारमधील संशोधन

एस. सिसोव्स्की आणि एम. फुलर यांनी १९७० च्या दशकात लोणारच्या बेसाल्टवर आघाताचा चुंबकीय परिणाम तपासला. त्यांचा १९७८ चा शोधनिबंध या विषयातील आरंभीच्या महत्त्वाच्या कामांपैकी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील जी. व्ही. एस. पूर्णचंद्र राव व एम. एस. भल्ला यांनी १९८४ मध्ये पुराचुंबकीय मापनांच्या आधारे विवराच्या आघाती उगमाच्या बाजूने निष्कर्ष मांडला.

के. लुझाडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काठावरचे थर व बाहेर फेकले गेलेले दगड या दोहोंची तपासणी केली. खडकांतील सहज पुसले जाणारे दुय्यम चुंबकत्व थर कलल्यानंतरचे असल्याचे वलन कसोटीतून दिसले. ते आघाताच्या क्षणी आलेले नसून नंतरच्या काळात श्यान किंवा रासायनिक प्रक्रियेने आले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आघातजन्य अवशिष्ट चुंबकत्वाचा स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नाही. विवर आघाताचे आहे याविषयी शंका नसतानाही त्याच्या काठावरील खडकांत आघातजन्य चुंबकत्व सापडेलच असे नाही, हे या अभ्यासातून पुढे आले. काठाजवळ आघाताचा दाब तुलनेने कमी असतो आणि तेथे मिळालेले दुर्बल चुंबकत्व लाखो वर्षांत सहज झाकले जाऊ शकते.

ग्रहणशीलतेच्या दिशिक असमानतेवर आधारित पुढील अभ्यासांत अशनी पूर्वेकडून तिरकस कोनात आला असावा, असे अनुमान काढले गेले. आघातजन्य काचेच्या गोलकांतील निकेल, कोबाल्ट व क्रोमियम यांच्या प्रमाणावरून तो कोंड्राइट प्रकारचा, म्हणजे पाषाणमय, असावा असे मानले जाते.

चुंबकी दगडांविषयीचे समज

लोणार परिसरात आढळणारे चुंबकी दगड व तेथील निद्रिस्त मारुतीची मूर्ती अशनीच्या द्रव्याची असल्याची समजूत प्रचलित आहे. चुंबकाला प्रतिसाद हा तिचा आधार असेल, तर तो पुरेसा नाही. दख्खनच्या कोणत्याही भागातील बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट गटातील खनिजे असतात आणि उंचवट्यावरील एखादा दगड वीज पडल्याने असाधारण तीव्रतेने चुंबकित झालेला असू शकतो. अशा दगडाजवळ होकायंत्राची सुई वळते. लोणारचा अशनी आघाताच्या प्रचंड ऊर्जेमुळे जवळजवळ पूर्णपणे वितळून व बाष्परूप होऊन नष्ट झाला, असे समजले जाते. अशनीची ओळख रासायनिक घटक, समस्थानिके आणि सूक्ष्मदर्शकाखालील रचना यांवरून पटवावी लागते.

इतर विवरांशी तुलना

दक्षिण आफ्रिकेतील सुमारे २०० कोटी वर्षे जुन्या व्रेडेफोर्ट विवरातील खडक तीव्र चुंबकी आहेत, परंतु त्यांच्या दिशा काही सेंटिमीटर अंतरातही बदलतात. २००५ मध्ये याचे कारण आघाताशी जोडले गेले. त्यानंतर २०१२ च्या अभ्यासात विजेचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. मेक्सिकोतील सुमारे १८० किमी व्यासाचे चिक्शुलूब विवर गाळाच्या खडकांखाली गाडलेले आहे. १९७८ मध्ये तेलशोधासाठी झालेल्या हवाई चुंबकीय सर्वेक्षणात ग्लेन पेनफिल्ड यांना त्याचा वर्तुळाकार ठसा आढळला होता. ते आघाताचे विवर असल्याचे १९९१ मध्ये व्यापकपणे मांडले गेले.

मंगळाच्या पृष्ठाचा मोठा भाग बेसाल्टचा आहे. हेलास व आर्गायर या तेथील विशाल आघाती खोऱ्यांत कवचाचे चुंबकत्व अत्यंत मंद असल्याचे मार्स ग्लोबल सर्व्हेअर यानाने दाखवले. बेसाल्टवरील आघाताचे परिणाम समजण्यासाठी लोणारकडे मंगळाचे पृथ्वीवरील प्रतिरूप म्हणून पाहिले जाते.

मुंबईच्या किनाऱ्याबाहेर समुद्रतळाखाली शिव विवर नावाचे, शेकडो किलोमीटर विस्ताराचे आघाती विवर असल्याचे गृहीतक शंकर चॅटर्जी यांनी मांडले आहे. मॅस्केलिनाइट किंवा आघाताच्या खुणा असलेले क्वार्ट्झ यांसारखा निर्णायक पुरावा नसल्यामुळे बहुसंख्य भूवैज्ञानिक ते मान्य करत नाहीत.

जतन

लोणार विवराला १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवारसा स्मारक म्हणून घोषित करण्यात आले. २००० मध्ये परिसराला वन्यजीव अभयारण्याचा, तर २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. बाहेर फेकलेल्या द्रव्याचे आवरण मात्र बऱ्याच अंशी शेतजमिनी व वस्तीखाली आहे. पुराचुंबकीय अभ्यासात खडकाचे मूळ स्थान व कल यांना खडकाइतकेच महत्त्व असते. बांधकामासाठी किंवा स्मृतिचिन्ह म्हणून उचललेला दगड चुंबकी राहतो, परंतु तो कोणत्या दिशेने पडलेला होता ही माहिती कायमची नाहीशी होते. म्हणून विवराच्या काठाबरोबरच त्याबाहेरील आवरणाचे जागेवर जतन होणेही संशोधनाच्या दृष्टीने आवश्यक आहे.